रिकामी बाटली आत नेता येते

मी विमानतळावर चौकशीच्या खिडकीत बसते. लोकांना वाटतं, तिथं विमानांची चौकशी होत असेल. फारशी होत नाही. स्वच्छतागृह कुठं आहे, मोबाईल कुठं चार्ज होईल आणि 'आमचे हे आत्ता इथंच होते, ते कुठं गेले', यातच माझा दिवस सरतो. पण खिडकी मोक्याची आहे. समोरच सुरक्षा तपासणीचं दार. त्यामुळे आत्याबाईंची बरीचशी हकीकत माझ्या डोळ्यांदेखत घडली. जी घडली नाही, ती त्यांनी मला डबा खाता खाता सांगितली.

आत्याबाई आमच्या सफाई विभागातल्या सगळ्यांत जुन्या. फार वर्षांपूर्वी त्यांचा भाचा इथं सामान चढवायच्या कामावर होता. तो त्यांना 'आत्या' म्हणायचा, त्याचं ऐकून बाकीचेही म्हणू लागले. भाचा नोकरी सोडून कधीच गेला, नाव मात्र मागं राहिलं. आता वैमानिकसुद्धा त्यांना आत्याबाई म्हणतात. वय चोपन्न, अंगानं काटकुळ्या, आणि चाल अशी की जणू त्यांचंच विमान सुटतंय. यजमान शिंपी. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्यांचं घर आहे, त्यातल्या बाहेरच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन. आत्याबाईंच्या गणवेशाला त्यांनी आतून तीन जादा खिसे लावून दिले होते. एकात हातमोजे, एकात दोरी, आणि तिसऱ्यात काय असतं ते त्यांनी मला आजतागायत सांगितलेलं नाही.

तर त्या सकाळी आठच्या सुमारास तीन विमानांची गर्दी एकदम आली. तपासणीच्या पलीकडं पाणी नेऊ देत नाहीत, म्हणून दाराशी दोन मोठी पिंपं ठेवलेली असायची. माणूस रांगेत उभा राहायचा, आपली पाळी आली की दचकायचा, हातातली बाटली पिंपात फेकायचा आणि पुढं सरकायचा. पाण्यानं भरलेली, अर्धी प्यालेली, गार झालेल्या कॉफीचा पेला, फळांच्या रसाचा डबा, सगळं धडाधड आत. तासाभरात पिंपातली पिशवी इतकी जड व्हायची की दोघी बायका ती फरफटत न्यायच्या. त्या दिवशी ती हॉलच्या बरोब्बर मधोमध फाटली.

पाणी, कॉफी, रस, सगळा लोंढा लादीवर पसरला. लोक बॅगा उचलून पळाले. आमचे सुरक्षा प्रमुख उंचेपुरे, कडक इस्त्रीचे, कधी हसताना कुणी पाहिलेले नाहीत. ते 'बाजूला व्हा, बाजूला व्हा' करत धावत आले आणि पाय सटकून भर हॉलमध्ये फतकल मारून बसले. टोपी घरंगळत माझ्या खिडकीपर्यंत आली. हसायची कुणाची छाती होईना. मी टोपी उचलायच्या निमित्तानं खाली वाकले आणि टेबलाखाली हसून घेतलं.

आत्याबाई पाणी ओढायचा दांडा घेऊन आल्या. त्यांनी साहेबांना हात दिला.

"इतक्या भरता कशाला तुम्ही पिशव्या?" साहेब भडकले होते. पँट ओली, त्यामुळं आवाज जास्तच मोठा.

"आम्ही कुठं भरतो साहेब? भरतात प्रवासी, आम्ही वाहतो." आत्याबाईंनी फाटक्या पिशवीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "आता आलाच आहात तर एकदा उचलून बघा."

साहेबांनी इरेला पडून उचललं. वीतभर उचललं आणि कमरेला हात लावून तसेच थांबले.

"यातलं पाऊण वजन नुसत्या पाण्याचं आहे," आत्याबाई म्हणाल्या. "बाटलीतलं पाणी पिशवीत, पिशवीतलं आमच्या पाठीवर, आणि शेवटी जातं गटारातच. मग इथूनच जाऊ दे की. दाराशी एक मोरी करून द्या. बाटली हलकी होईल, कोरडी राहील, विकायच्या लायकीची राहील. आत्ता त्या कॉफीत बुचकळून येतात, कुणी हात लावत नाही त्यांना."

हे सगळं ऐकत आणखी एक जण उभी होती. आमच्या पर्यावरण अधिकारी. वय अठ्ठावीस, येऊन दोन महिने झालेले. आल्या आल्या त्यांनी विमानतळभर चार-चार रंगांचे डबे मांडले होते, वर सुरेख पाट्या. रोज दुपारी मागच्या शेडमध्ये जाऊन त्या डबे उघडून बघायच्या आणि त्यांचा चेहरा पडायचा. निळ्यात केळ्याची सालं, हिरव्यात वर्तमानपत्रं, पिवळ्यात लहान बाळाचं नको ते. चार डबे ठेवून एकाच कचऱ्याचे चार ढीग झाले होते, एवढंच.

मॅडम त्याच दिवशी आत्याबाईंना शोधत शेडमध्ये गेल्या. "आत्याबाई, लोकांना रंग का कळत नाहीत हो?"

"कळतात की. पण घाईतल्या माणसाला रंग दिसत नाही मॅडम, भोक दिसतं. मोठं तोंड दिसलं की टाकलं आणि सुटलं. तुम्ही झाकणं बदला. बाटलीच्या डब्याला बाटलीएवढंच गोल भोक ठेवा, कागदाच्या डब्याला नुसती फट. बाळाचं ते फटीतून जातंय का बघू."

मॅडम आधी हसल्या, मग त्यांनी पर्समधून मोजपट्टी काढली. तिथून दोघींची गट्टी जमली.

मोरीची परवानगी मात्र सहजासहजी मिळाली नाही. तपासणीच्या दाराशी नवी वस्तू म्हणजे सुरक्षा प्रमुखांची सही हवी. पण साहेबांची कंबर चार दिवस धरलेली होती, ती बहुधा आत्याबाईंच्या बाजूनं बोलली. त्यांनी सही केली आणि वर बजावलं, "एक आठवडा. तक्रार आली तर त्याच दिवशी उखडून टाकणार."

उपाहारगृहातून काढून टाकलेलं एक स्टीलचं बेसिन आमच्या नळदुरुस्तीवाल्यानं दाराशी बसवलं. पहिल्या दिवशीचा तमाशा मी खिडकीतून पाहिला. एका गृहस्थानं त्यात चूळ भरली. त्याचं बघून मागच्या चौघांनी भरली. एका आजोबांनी खिशातून कवळी काढून धुतली. एका आईनं मुलाचे पाय धुतले, आणि ते बघून दुसऱ्या आईनं मुलालाच आत उभं केलं. संध्याकाळपर्यंत चहापत्तीनं जाळी तुंबली. सुरक्षा प्रमुख लांबून हाताची घडी घालून बघत होते. मॅडम रडकुंडीला आल्या.

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाई स्वतः बेसिनपाशी उभ्या राहिल्या. "इथं फक्त ओतायचं बरं का. तोंड धुवायचं असेल तर डावीकडं स्वच्छतागृह आहे." माझं निम्मं काम त्यांनी परस्पर करून टाकलं. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंसारखी दिसणारी एक प्रवासी आली. तिच्याकडं चांगली जाड, झाकणाची बाटली होती. तिनं पाणी ओतलं आणि मोठ्या दुःखानं बाटलीही डब्यात टाकायला निघाली.

"चांगली आहे की बाटली. टाकता कशाला?"

"आत नेऊ देत नाहीत ना."

"पाणी नेऊ देत नाहीत. रिकामी बाटली आत नेता येते. पलीकडं पिण्याचा नळ आहे, भरून घ्या."

ती बाई इतकी खूश झाली की आत्याबाईंचा हात हातात घेऊन हलवत राहिली. आत्याबाई मात्र विचारात पडल्या. डबा खाताना मला म्हणाल्या, "अगं, इतकी वर्षं मी समजत होते, लोकांना टाकायची हौस आहे. त्यांना टाकायचं नसतंच गं! कुणी सांगितलेलंच नाही त्यांना."

पाटी लावायची ठरली. पण आमच्याकडं पाटी म्हणजे तिचा मजकूर, तिचा आकार, तिचा रंग, तीन कचेऱ्या आणि तीन महिने. आत्याबाईंनी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. शिंपीकाकांनी जुन्या छत्रीचं निळं कापड घेतलं, त्यावर पांढऱ्या कापडाची अक्षरं कातरून शिवली आणि सकाळी घडी करून बायकोच्या हातात दिली. 'रिकामी बाटली आत नेता येते.' पुढे पुढे जागा पुरली नव्हती, म्हणून 'येते' जरा दाटीवाटीनं बसलं होतं. पण तेच लोकांच्या नजरेत भरायचं. काही जण तर त्या पाटीशी उभे राहून फोटो काढून घ्यायचे.

महिनाभरात दाराशी पडणाऱ्या बाटल्या निम्म्यावर आल्या. ज्या पडायच्या त्या कोरड्या, स्वच्छ, एका हातानं उचलाव्यात अशा. झाकणांच्या भोकांनी बाकीचं काम केलं. मॅडमनी व्यवस्थापकांसमोर तक्ते मांडले, टाळ्या झाल्या. सगळं छान चाललेलं असताना ठेकेदार आला.

सफाईच्या बायका त्याच्याकडून यायच्या. माणूस तसा वाईट नव्हता, पण कात्री चालवायची संधी सोडायचा नाही. शेडमध्ये उभं राहून त्यानं सांगितलं, "कचरा निम्मा झालाय. मग सहा जणी कशाला? पुढच्या महिन्यापासून तिघी पुरे."

त्या सहा जणींत एक वहिनी होती. तिचा नवरा विमानापर्यंतची बस चालवायचा, म्हणून सगळे तिला वहिनी म्हणायचे. ठेकेदाराची पाठ वळताच ती फटकन बोलली, "वा आत्याबाई! बाटल्या कमी करायच्या नादात तुम्ही आम्हालाच कमी केलंत."

त्या दुपारी मी डबा घेऊन शेडमध्ये गेले. आत्याबाई उपड्या क्रेटवर बसल्या होत्या, डबा उघडलाच नव्हता. मी शेजारी बसले तर म्हणाल्या, "तिचं काय चुकलं? मी पाठीवरचं ओझं काढायला गेले आणि पोटावर पाय दिला."

घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्यासमोर मन मोकळं केलं. शिंपीकाका तेव्हा कुणाच्या तरी पडद्याला काठ घालत होते. मशीन न थांबवता त्यांनी विचारलं, "कापड उरलं म्हणून कुणी शिंप्याला हाकलतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे उरलेल्या कापडाचं काय शिवायचं, ते बघायचं. तुमच्याकडं तीन बाया उरल्यात म्हणतेस. मग तुमच्याकडं फाटलंय कुठं?"

फाटलं कुठं होतं ते आत्याबाईंना चांगलंच ठाऊक होतं. उतरलेल्या विमानांतून जेवणाचे ट्रे येतात. अर्धा पाव, तोंड न लावलेलं लोणी, फळांचे तुकडे, सगळं प्लास्टिकच्या वाट्यांसकट विमानतळाच्या मागच्या टोकाला एका उघड्या लोखंडी पेटीत फेकलं जायचं. ट्रक येईपर्यंत ते तिथंच उन्हात तापत पडायचं. आणि वर घारी घिरट्या घालायच्या.

घारींवर आमच्याकडं एक माणूस नेमलेला आहे. धावपट्टीवर पाखरू येऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. कारण एखादी घार इंजिनात शिरली तर काय होईल याचा विचारच नको. त्याच्याकडं जीप, भोंगा आणि फटाके उडवायची बंदूक. दिवसभर हुर्र हुर्र करत फिरतो म्हणून त्याचं नाव पडलं हुर्रेभाऊ. मोठ्या आवाजात राहून राहून त्याची बोलायची सवयच गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी त्याची जीप अडवली. "भाऊ, या घारी येतात कुठून?"

हुर्रेभाऊनं हनुवटीनंच लोखंडी पेटी दाखवली.

"मग तू त्यांना हाकलतोस कशाला? जेवायला बोलावतो आपण आणि हाकलायचंही आपणच? पाहुण्यांची ही कुठली पद्धत?"

हुर्रेभाऊ हसला. मला सांगताना आत्याबाई म्हणाल्या, त्याला दात आहेत हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मग आत्याबाई वहिनीकडं गेल्या. वहिनीनं तोंड फिरवलं. आत्याबाई तिच्या फिरवलेल्या तोंडासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "माझं चुकलं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. आता विचारते. ती मागची पेटी आपण सहा जणींनी ताब्यात घ्यायची का? काम घाण आहे, खोटं कशाला बोलू. पण ते काम आजपर्यंत कुणीच केलेलं नाही, म्हणजे त्यातून आपल्याला काढणार कोण?"

वहिनीनं आपले हात उलटसुलट करून पाहिले. "हातमोजे लांब पाहिजेत," ती म्हणाली. "कोपरापर्यंत. आणि सावली पाहिजे."

मॅडमनी ठेकेदाराकडून दोन महिने मागून घेतले आणि घट्ट झाकणाची आठ पिंपं आणवली. ट्रे आले की सहांतल्या तिघी लगेच हात घालायच्या. वाट्या एकीकडं, डबे एकीकडं, अन्न पिंपात, झाकण बंद. अन्नाचं खत करायचं होतं. पहिलं पिंप आठव्या दिवशी उघडलं आणि असा वास सुटला की वहिनी म्हणाली, "आता विमानांना इंजिन नको, आपोआप उडतील." मॅडम तीन पावलं मागं गेल्या. आत्याबाई मात्र नाकाला पदर... नाही, गणवेशाला पदर कुठला, बाही लावून आत डोकावल्या. "पाणी झालंय नुसतं. कोरडं काहीतरी हवं यात."

कोरडं शोधायला लांब जावं लागलं नाही. विमानतळावर धावपट्टीच्या दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर गवत. ते कापून कापून माळी टेकीला आलेला, आणि कापलेलं गवत नेऊन कुठं टाकायचं हे त्याचं कायमचं रडगाणं. वहिनीनं नवऱ्याच्या ओळखीनं माळ्याला गाठलं. एक थर अन्नाचा, दोन थर वाळल्या गवताचे, आणि रोज सकाळी पिंप फिरवायचं. हे प्रमाणही वहिनीनंच चुकत-माकत शोधलं. पुढच्या पिंपाला पावसाळी मातीसारखा वास आला, तेव्हा तिनं मूठभर काळं खत कागदावर घेऊन माझ्या खिडकीत आणून ठेवलं, एखादं पदक ठेवावं तसं. रांगेतल्या प्रवाशाला वाटलं, मीच काहीतरी सांडलंय.

दोन महिने संपले आणि व्यवस्थापकांच्या खोलीत बैठक बसली. मला पाणी-कॉफीची व्यवस्था बघायला बोलावलं होतं, म्हणून मीही होते. मॅडमनी तक्ते लावले. ठेकेदारानं ते नीट बघितले आणि शंका काढायला सुरुवात केली. खताला वास सुटला तर? माळ्यानं गवत दिलं नाही तर? उद्या विमानांत जेवणच बंद झालं तर?

आत्याबाई कोपऱ्यातल्या खुर्चीच्या टोकाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं लोक म्हणतात. मी इथली आत्याबाई. मला मिशा आहेत का?"

व्यवस्थापकांच्या घशात कॉफी अडकली. ठेकेदार स्वतःही हसला, पण माणूस चिवट. "ते ठीक आहे हो. पण पेटी स्वच्छ ठेवून विमानतळाला फायदा काय, ते दाखवा ना."

तेवढ्यात दार ढकलून हुर्रेभाऊ आत आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं काखेतलं खोकं टेबलावर ठेवलं. वर मोठ्या अक्षरांत 'स्फोटक, सांभाळा' असं छापलेलं. सुरक्षा प्रमुख ताडकन उभे राहिले.

"घाबरू नका," हुर्रेभाऊ म्हणाला. "उरलेत."

"काय उरलेत?"

"फटाके. दोन महिन्यांत अशी चार खोकी संपतात. या वेळी एकच संपलं. घारी येतात, पेटीवर एक फेरी मारतात, काही नाही बघून निघून जातात." एवढं बोलून तो दमला असावा, कारण त्यानं माझ्या हातातला पाण्याचा पेला घेतला आणि एका दमात संपवला. मग जाता जाता दारातून म्हणाला, "बायका कमी करू नका. वाढवा."

सुरक्षा प्रमुख अजून उभेच होते. त्यांनी घसा साफ केला. "माझीही हरकत नाही. विमानाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे." आणि मग कमरेवर हात ठेवून, "शिवाय मी ती पिशवी उचललेली आहे."

सहाच्या सहा जणी राहिल्या. नंतर खताच्या पिंपांवर आणखी दोघी लागल्या, त्या ठेकेदारानंच पाठवल्या. आता तो दुसरीकडं कामं मिळवायला जातो तेव्हा आमच्या शेडचे फोटो दाखवतो म्हणे. पिंपांचा कारभार वहिनीकडं आहे. तिच्या हाताखालच्यांनी ओलं जास्त टाकलं तर तिचा आवाज धावपट्टीपर्यंत ऐकू जातो, आणि हुर्रेभाऊच्या भोंग्याला विश्रांती मिळते असं आम्ही म्हणतो. दाराशी आता रीतसर छापील पाटी आली आहे, तीन कचेऱ्यांतून फिरून. शिंपीकाकांची कापडी पाटी मॅडमनी काढू दिली नाही. छापील पाटीखाली ती तशीच आहे, आणि लोक तीच वाचतात.

आत्याबाईंना मुकादम केलं. बसायला खुर्ची दिली, ती त्यांनी वहिनीला दिली. मध्ये दुसऱ्या विमानतळावरचे सहा साहेब बघायला आले होते, वह्या घेऊन. त्यांनी विचारलं, "ही योजना नक्की सुरू कशी झाली?" आत्याबाईंनी सुरक्षा प्रमुखांकडं बघितलं. सुरक्षा प्रमुख छताकडं बघू लागले. "पाय घसरून," आत्याबाई म्हणाल्या. साहेबांनी तेही लिहून घेतलं.

काल दुपारी गर्दी ओसरल्यावर आत्याबाई हात पाठीमागं बांधून एका जागी बराच वेळ उभ्या दिसल्या. प्रवाशांच्या बॅगांना प्लास्टिकचा कागद गुंडाळून देणारा माणूस दाराजवळ बसतो ना, त्याच्यासमोर. बॅग गोल गोल फिरत होती, कागद सुटत होता. मी खिडकीतून मान बाहेर काढली.

"किती वेढे मारतोस रे एका बॅगेला?" त्यांनी विचारलं.

"गिऱ्हाईक म्हणेल तितके."

"आणि गिऱ्हाईक किती म्हणतं?"

त्यानं फिरती बॅग थांबवली. "गिऱ्हाईक कुठं काय म्हणतं? मीच मारत राहतो."

आत्याबाईंनी शेजारचं स्टूल ओढलं आणि त्याच्याजवळ नीट ठाण मांडून बसल्या.